पोलिसांनी मुलाला मारलं. तक्रार करू की गप्प बसू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईनं चार पानी पत्र पाठवलं आहे. मुलगा २३ वर्षांचा, कुरिअरचं काम करतो. दहा दिवसांपूर्वी, शुक्रवारी संध्याकाळी सातच्या सुमारास साध्या वेशातले दोन पोलीस मोटारसायकलवरून आले आणि "साहेबांनी बोलावलंय, अर्ध्या तासात सोडतो" असं सांगून त्याला घेऊन गेले. बाजारपेठेतल्या एका चोरीचा संशय होता. दोन रात्री त्याला ठाण्यात ठेवलं, कबूल हो म्हणून तळपायांवर पट्ट्यानं मारलं. रविवारी सकाळी चोर दुसराच निघाला. "माझी कोणतीही तक्रार नाही" अशा कागदावर सही घेऊन दहा वाजता त्याला सोडलं. आता गावातले एक पुढारी "दवाखान्याचा खर्च देतो, मिटवून घ्या" म्हणतात. नवरा म्हणतो, पोलिसांशी वैर नको. धाकटी मुलगी पोलीस भरतीची तयारी करते, तिचं नुकसान होईल ही भीती आहे. पत्राचा शेवट असा: "माझा मुलगा चोर असता तर मी एक शब्द बोलले नसते. पण तो नाही. मी काय करू?"

ताई,

तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी एक काम. मुलाला लघवी कमी होत असेल, तिचा रंग तांबूस किंवा कोऱ्या चहासारखा दिसला असेल, तर पुढचं वाचत बसू नका, त्याला घेऊन सिव्हिलला जा. खूप मार बसला की स्नायू आतून चेचले जातात आणि त्याचा त्रास मूत्रपिंडाला होतो. वरून काही दिसत नाही.

तसं काही नसलं तरी सरकारी दवाखान्यात जाच. सोडलं त्या दिवशी त्याला एका खासगी डॉक्टरला दाखवलं आणि तिथे त्यानं "गाडीवरून पडलो" असं सांगितलं, कारण सोडायला आलेला हवालदार दाराबाहेरच उभा होता. त्याच्या जागी कुणीही हेच सांगितलं असतं. पण आज तुमच्या हातातला एकमेव वैद्यकीय कागद 'गाडीवरून पडला' म्हणतो. तो एकटा राहू देऊ नका. सरकारी डॉक्टरांना मुलानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं की कुणी मारलं, कधी, कशानं, कुठे. "मारहाणीची केस आहे, एमएलसी करा" असं स्पष्ट म्हणायचं; एमएलसी म्हणजे कायदेशीर कामासाठी केलेली जखमांची वैद्यकीय नोंद. तळपायांचा एक्स-रे मागायचा. दहा दिवस झाले म्हणून काही उरलं नसेल असं समजू नका. काळेनिळे वळ पिवळे पडतात, त्यावरून जखम साधारण किती दिवसांची हे डॉक्टर लिहू शकतात. पहिल्या डॉक्टरकडे खोटं का सांगावं लागलं, तेही नोंदवून घ्या आणि कागदाची प्रत घेऊनच बाहेर पडा.

मी एका माणसाला कोर्टात साक्ष देताना पाहिलं आहे. मार लागून दीड वर्ष झालं होतं, दोन बोटं अजून वाकडी होती. समोरच्या वकिलांनी फक्त एवढंच विचारलं, "तेव्हा डॉक्टरांना का नाही सांगितलं?" तो माणूस खाली बघत राहिला. खरं तर उत्तर त्याच्याकडे होतं, तुमच्या मुलाकडे आहे तेच. पण ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

आता तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य. मुलगा चोर असता तर तुम्ही बोलला नसता, असं तुम्ही लिहिलंय. ते का लिहावं लागलं ते मला कळतं. आळीतली माणसं तोंडावर चौकशी करतात आणि पाठीमागे म्हणतात, काहीतरी केलं असल्याशिवाय का नेतील? त्या सगळ्यांना तुम्ही एका वाक्यात उत्तर देऊ पाहता आहात. पण ताई, तुमच्या तक्रारीचा पायाच हे वाक्य खणून काढतं. तुम्ही 'माझा मुलगा निर्दोष आहे' इथून सुरुवात केलीत की चौकशी त्याचीच होणार. तो कुणाबरोबर फिरतो, रात्री किती वाजता घरी येतो, दारू पितो का. त्यात तो पट्टा आणि त्या दोन रात्री बाजूलाच राहतात.

कायद्यानं मार चोरालाही नाही. चोरी शाबीत झाली तर शिक्षा न्यायाधीश देतात, आणि त्यांच्याही हातात पट्टा नसतो. कबुली मिळवण्यासाठी इजा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. इजा गंभीर असेल तर दहा वर्षांपर्यंत. आणि ज्या कबुलीसाठी हे सगळं केलं, ती कोर्टात चालतच नाही. पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून धरायची नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात इंग्रजांनी घातला, कारण ती कबुली कशी निघते हे त्यांना ठाऊक होतं. नव्या कायद्यातही तो नियम तसाच आहे. "दोन द्याव्या लागतात, त्याशिवाय पोपटासारखे बोलत नाहीत" असं आपण चहा पिताना सहज म्हणतो. तुमच्या मुलानंही दुसऱ्या रात्री "हो, मीच केली चोरी" असं म्हटलं होतं, हे तुम्हीच तिसऱ्या पानावर लिहिलंय. आणि सकाळी चोर दुसराच निघाला.

आपल्याकडे तर कुणाला चोर म्हणायचं हे पुष्कळदा आधीच ठरलेलं असतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरवली. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कुटुंबंच्या कुटुंबं तारेच्या कुंपणाआड राहिली. तो कायदा १९५२ साली गेला, पण आजही गावात चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते. त्या आयांनी 'माझा मुलगा चोर नाही' म्हटलं तरी त्यांचं कुणी ऐकत नाही. म्हणून सांगते, तक्रारीतून ते वाक्य काढून टाका. तुमच्या मुलाच्या चांगुलपणावर ही तक्रार उभी करू नका. तिला तेवढ्या आधाराची गरज नाही.

मग काय लिहायचं? खरं सांगू, तक्रार तुम्ही लिहिलेलीच आहे. फक्त ती माझ्याकडे पाठवलीत. तुमचं पत्र मी पेन्सिल घेऊन वाचलं आणि उपयोगाचं आहे तिथे खुणा केल्या. शुक्रवार संध्याकाळी सात, रविवार सकाळी दहा: म्हणजे ३९ तास. अटक केली तर २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं, हे थेट संविधानाच्या कलम २२ मध्ये आहे. त्यामुळे पोलीस म्हणतील, अटक नव्हतीच, चौकशीला बोलावलं होतं आणि रात्री घरी सोडलं होतं. म्हणून तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ मला ही वाटते: "शनिवारी दुपारी मी डबा घेऊन गेले, तर दारावरच्या पोलिसानं डबा आत घेतला, मला भेटू दिलं नाही." घरी सोडलेल्या माणसासाठी कुणी ठाण्यात डबा नेत नाही. डबा कोणत्या रिक्षातून नेलात, रस्त्यात कोण भेटलं, किती वाजले होते, सगळं आठवून लिहा. मोटारसायकल काळी होती आणि नंबरचे शेवटचे दोन आकडे लक्षात आहेत, तेही लिहा. समोरच्या किराणावाल्यानं मुलाला नेताना पाहिलं, त्याला आत्ताच विचारून ठेवा; महिन्याभरानं माणसं घाबरतात. मुलाचा मोबाइल परत मिळालाय, तो रीसेट करू नका, विकू नका. तो कुठल्या टॉवरखाली होता हे पुढे काढता येतं.

'अमानुष', 'राक्षसी' हे शब्द मात्र काढा. ते खोटे नाहीत, पण चौकशी करणाऱ्याच्या ते उपयोगाचे नाहीत. 'पट्टा, साधारण दोन फूट, तळपायांवर, पाय बाकड्याला बांधून' एवढं पुरे. नाव माहीत नसेल तर अंदाजानं घालू नका. चेहरा, बोलण्याची लकब, इतर त्याला काय म्हणून हाक मारत होते ते लिहा. आणि त्या 'तक्रार नाही' कागदाबद्दल लपवू नका. कधी, कुणी, कुठे सही घेतली ते तुम्हीच आधी लिहा. ठाण्याच्या दारात सुटकेच्या बदल्यात घेतलेली सही म्हणजे काय, हे चौकशी करणाऱ्याला सांगावं लागत नाही. पण ती तुम्ही दडवलीत आणि त्यांनी पुढे आणली, तर खोटं तुमचं दिसतं.

रात्री ११.४० ला एका महिला पोलिसानं स्वतःच्या फोनवरून मुलाला घरी बोलू दिलं, हे वाचून मला बरं वाटलं, आणि काळजीही वाटली. तो फोन तुमच्यासाठी भक्कम पुरावा आहे, आणि तिच्यासाठी धोका. माझं मत असं: पहिल्या अर्जात 'रात्री ११.४० ला मुलाचा ठाण्यातून फोन आला' एवढंच लिहा, कुणाचा फोन होता ते लिहू नका. नंबर आणि वेळ तुमच्याकडे जपून ठेवा. पुढे न्यायालयानं विचारलं तर सांगावं लागेल, तेव्हा सांगा. ज्या बाईनं नोकरी पणाला लावून तुमच्या मुलाला आईचा आवाज ऐकू दिला, तिचं नाव आपण होऊन सगळ्यात आधी त्याच लोकांच्या हातात देऊ नये.

हा अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या नावे जाईल. आयुक्तालय असलेल्या शहरातल्या वाचकांनी आयुक्तांच्या नावे करावा. स्पीड पोस्टनं पाठवा, पावती आणि पोच जपा. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा, दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ साली सांगितलं आहे. ठाण्यात नोंदवला नाही तर अधीक्षकांकडे, तिथेही नाही झालं तर दंडाधिकाऱ्यांकडे, असा रस्ता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३ आणि १७५ मध्ये आहे. तक्रार सरकारी नोकराविरुद्ध असली की दंडाधिकारी त्याच्या वरिष्ठांचा अहवाल मागवू शकतात, आणि खटल्यासाठी सरकारची परवानगी हवी हा मुद्दाही पुढे येतोच. मारहाण हे पोलिसाचं कर्तव्य नाही असं न्यायालयांनी अनेकदा म्हटलं आहे, तरी त्यात वेळ जातो. म्हणून वकील लागेल. वकिलाचे पैसे नाहीत असं तुम्ही लिहिलंय. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील बाईला मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा कोर्टाच्या आवारात त्यांचं कार्यालय असतं, किंवा १५१०० वर फोन करा.

त्याच दिवशी दुसरा, वेगळा अर्ज: ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं. शुक्रवारी सातपासून रविवारी दहापर्यंत, तारीख आणि तास घालून. सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० च्या निकालात सांगितलं आहे की प्रत्येक पोलीस ठाण्यात, लॉकअपमध्ये आणि व्हरांड्यातसुद्धा कॅमेरे हवेत, आणि चित्रण १८ महिने, यंत्राची क्षमताच नसेल तर किमान एक वर्ष ठेवायला हवं. ठाण्यात मानवी हक्कांचा भंग झाला असेल तर पीडिताला ते जपून ठेवायला लावण्याचा हक्क आहे. "कॅमेरा बंद होता" असं उत्तर येऊ शकतं. येऊ द्या, पण लेखी घ्या. स्टेशन डायरीतल्या त्या तीन दिवसांच्या नोंदींसाठी माहिती अधिकाराचा अर्जही करा.

न्यायालयाबाहेरच्या दोन जागाही आहेत. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण, पोलीस सुधारणांबद्दलच्या प्रकाश सिंह खटल्यातल्या, सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालातून आलेलं. महाराष्ट्रात त्यासाठी २०१४ साली पोलीस अधिनियमात दुरुस्ती झाली. प्रक्रिया न पाळता अटक किंवा अटकाव करणं हे त्याच्या कक्षेत स्पष्टपणे येतं. तुमच्या विभागाची तक्रार कुठे घेतात हे विधी सेवेच्या वकिलांना विचारा. आणि राज्य मानवी हक्क आयोग, मुंबईत. दोघंही चौकशी करून शिफारस करतात, तुरुंगात कुणाला पाठवत नाहीत. आयोगाकडे वर्षभरात जावं लागतं. पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये तर पोलिसावर खटला भरायला सहा महिन्यांची मुदत आहे; मारहाणीला ती लागू होते का यावर वाद घालता येतो, पण तो वाद ओढवून कशाला घ्यायचा?

ताई, हे वाचून दमला असाल. तुमच्या यजमानांनाही हीच धास्ती असणार: कोर्टाची पायरी, हेलपाटे, रोजगार बुडणं. ते भित्रे आहेत असं तुम्ही लिहिलंय, मला तसं वाटत नाही. त्यांनी आयुष्यभर जे पाहिलं त्यावरून ते बोलतात. पण तुम्ही दोघं दोन वेगळे निर्णय एकत्र करता आहात. लढायचं की नाही, हा एक. कागद करून ठेवायचे की नाही, हा दुसरा. लढायचं की नाही ते पुढच्या महिन्यात ठरवा, भांडून ठरवा, नको असं ठरलं तरी तुमचा मान कमी होत नाही. कागदांचं मात्र या आठवड्यातच करावं लागेल, कारण वळ पुसट होतात आणि चित्रणावर चित्रण चढतं. एमएलसी, फोटो, चित्रण जपण्याचा अर्ज. एवढं केल्यानं कुणाशी वैर होत असेल, तर ते वैर त्या दोन रात्रींतच झालेलं आहे.

पुढाऱ्यांनी देऊ केलेल्या पैशांबद्दल: घेऊ नका, आणि कोऱ्या किंवा स्टॅम्प कागदावर आता एकही सही नको. ते पुन्हा आले तर तारीख, वेळ, काय बोलले ते वहीत लिहा. ठाण्यातून "जरा येऊन जा" असा निरोप आला तर लेखी नोटीस मागा. साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. ती आपणहून जायला तयार नसेल, तर बाईचा जबाब तिच्या घरी येऊनच घ्यावा लागतो. मुलाला जावं लागलं तर वकिलासोबत. आवाज चढवू नका, अंगावर जाऊ नका. 'सरकारी कामात अडथळा' हे कलम लागायला तेवढं निमित्त पुरतं. मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं म्हणून घाबरवलं, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२२ चा निकाल लक्षात ठेवा: सरकारी गुपितांच्या कायद्याखाली (ऑफिशियल सीक्रेट्स अ‍ॅक्ट) पोलीस ठाणं हे 'प्रतिबंधित ठिकाण' नाही.

मुलीच्या भरतीचं. चारित्र्य पडताळणीत उमेदवारावर गुन्हे दाखल आहेत का हे बघतात. भावानं तक्रार केली, हा तिच्यावरचा गुन्हा नव्हे. कुणी आकसानं त्रास देणारच नाही अशी हमी मी देऊ शकत नाही, पण तसं झालं तर तेही लेखी मांडता येईल. मला दुसरीच गोष्ट टोचली. ती पहाटे पाचला मैदानावर जायची आणि गेले दहा दिवस गेली नाही, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. मिठाच्या पाण्यात भावाचे पाय तिनं शेकले. तिचं काय म्हणणं आहे, ते चार पानांत कुठेच नाही. तिला विचारलंत का? आणि मुलाला? तुम्ही काय करू, नवरा काय म्हणतो, पुढारी काय म्हणतात, सगळं आहे. मार ज्यानं खाल्ला त्याला काय हवंय, ते नाही. कदाचित त्याला यातलं काहीच नको असेल, किंवा फक्त त्या माणसाच्या तोंडून 'चुकलं' एवढं ऐकायचं असेल. कदाचित त्याला रात्री झोप लागत नसेल आणि तो सांगत नसेल. अर्ज त्याच्या सहीनं जाणार आहे. त्याच्या मनाविरुद्ध पाठवू नका.

निकाल लागतील का? सोपं आहे असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. पण पत्रं फुकट जातात असंही नाही. ओडिशातल्या नीलाबती बेहेरा यांचा २२ वर्षांचा मुलगा १९८७ साली पोलिसांनी नेला आणि दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळांवर मेलेला सापडला. त्यांनी १९८८ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयानं त्याचीच याचिका केली आणि १९९३ मध्ये सरकारला दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली. पश्चिम बंगालमध्ये मोफत कायदेविषयक मदतीची संस्था चालवणाऱ्या डी. के. बसूंनी १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रातून पुढे दहा वर्षांनी अटकेचे नियम आले: नावाची पट्टी, अटकेचा पंचनामा, नातेवाईकाला कळवणं. आणि आपल्या परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये सोमनाथ सूर्यवंशी कोठडीत असताना मरण पावले, त्यांच्या आईनं भरपाईपेक्षा गुन्हा नोंदवा म्हणून हट्ट धरला. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही तो टिकला. त्या आईचं सगळं गेलं होतं. तुमचा मुलगा घरात आहे, त्याच्याशी बोलायला तुमच्याकडे वेळ आहे.

एक राहिलं. सुजलेल्या पायांत नेहमीची चप्पल जाईना, म्हणून आठवडी बाजारातून दोन नंबर मोठी चप्पल आणली, असं तुम्ही लिहिलंय. ती टाकू नका. पायांचे फोटो काढाल तेव्हा दोन्ही चपला शेजारी ठेवा, आणि ज्याच्याकडून घेतलीत त्याला तो दिवस आठवतोय का, ते येत्या बाजारी विचारून या.